अकरा पायऱ्या

अण्णा पडले तेव्हा मी ऑफिसात होते. आईचा फोन आला तो नेहमीसारखाच, म्हणजे आधी जेवलीस का, मग तिकडे पण एवढंच उकडतंय का, आणि मग, अगं ते अण्णा जरा जिन्यात पडलेत. जरा. उजवं मनगट मोडलं होतं, खुब्याला मुका मार होता, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं, आणि हे सगळं आईच्या त्या 'जरा'मध्ये मावलं होतं.

ही २०२३ च्या एप्रिलमधली गोष्ट. गिरगावातली चाळ रीडेव्हलपमेंटला गेली म्हणून फेब्रुवारीत आई-अण्णांना मुलुंडला भाड्याच्या घरात आणलं होतं, मी ठाण्यात राहते म्हणून मुलुंड, नाहीतर आईचा डोळा दादरवर होता पण तिथलं भाडं ऐकून तिने स्वतःच विषय बदलला. घर दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, म्हणजे लिफ्टची जाळी आहे आणि आत लिफ्टपण आहे, फक्त ती त्या महिन्यात दुरुस्तीला काढलेली होती. अण्णांना काचबिंदू. बाजूचं दिसणं आधीच गेलेलं, समोरचं एखाद्या नळीतून बघावं तेवढं उरलेलं, त्यामुळे पायाखालचं तर काहीच नाही. पण माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आणि हट्टी, सकाळी दूध आणायला मीच जाणार, काठी आहे ना.

संध्याकाळी हॉस्पिटलात प्लास्टर घालून झाल्यावर मी विचारलं, अण्णा, नक्की झालं काय? तर म्हणाले, "काही नाही गं, अकरा उतरलो आणि पुढे चाललो."

मला क्षणभर कळलंच नाही. मग एकदम कळलं.

आमच्या चाळीच्या जिन्याला एका वळणाला अकरा पायऱ्या होत्या. लाकडी, मधोमध झिजून खोलगट झालेल्या, आणि जिन्यातला बल्ब हा सगळ्या भाडेकरूंचा सामायिक असल्यामुळे कायम गेलेला. त्या चाळीत वाढलेलं कुठलंही मूल अंधारात दाणदाण उतरायचं, मीसुद्धा, आणि कोणी मुद्दाम मोजायचं नाही, पायच मोजायचे. अकरा झाल्या की पाय आपोआप सपाट जमिनीच्या तयारीत पुढे पडायचा. अण्णा जन्मापासून तिथे, म्हणजे पंचाहत्तरहून जास्त वर्षं त्यांच्या पायांनी अकराच मोजलेत. मुलुंडच्या जिन्याला बारा आहेत.

म्हणजे अण्णा स्वतःच्या हिशोबाने जमिनीवर होते. जमीन मात्र अजून एक पायरी खाली होती.

आणि काठी? मी विचारलं, कारण काठी तर पुढे होती, काठीला कळायला हवं होतं. तर म्हणाले, "काठी गेली की खाली. पण मला वाटलं कठड्याच्या गजातून घसरली असेल. अकरा तर झाल्या होत्या."

*

मी इलेक्ट्रॉनिक्सवाली आहे हे इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं कुठून आलं असं वाटेल. १९९६ ला डिप्लोमा झाल्यावर माझगावच्या बाजूला एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागले, बोटींवरची रडारं दुरुस्त करायचं काम. बोटीवर चढायला मला फारसं पाठवायचे नाहीत (तेव्हा मुलींना नाहीच), मी बेंचवर. कंपोनंट आणायला लॅमिंग्टन रोड, तिथल्या दुकानांत काउंटरवर गर्दीतून हात घालून पार्ट नंबरची चिठ्ठी पुढे करायची, आणि दुकानदार चिठ्ठी न वाचताच बोलायचा, ओरिजिनल पाहिजे का चालेल ते? आमचे बेंचवरचे सीनियर होते, त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. त्यांच्याकडून मी रडार शिकले, कॉलेजात नाही, कॉलेजात फक्त समीकरण होतं.

त्या रडारवर तीन नॉब महत्त्वाचे. गेन, रेन क्लटर, सी क्लटर. समुद्र खवळला की लाटांवरून लहरी परत येतात आणि पडदा मधोमध नुसता पांढरा होतो, काही दिसेना होतं. मग सी क्लटरचा नॉब फिरवायचा, तो जवळचे कमजोर एको दाबून टाकतो, पडदा कसा स्वच्छ. नवा माणूस खूश होतो आणि अजून थोडा फिरवतो. मास्तर म्हणायचे, झाला ना पडदा साफ? आता सांग कोळ्यांच्या होड्या कुठे गेल्या? कारण लाकडी होडीचा एको लाटेच्या एकोएवढाच असतो. लाट पुसताना होडीपण पुसली जाते. आणि पडद्यावर नाही म्हणून ती समुद्रात नाही असं थोडंच आहे.

हे मला तेव्हा जुन्या माणसाचं शहाणपण वाटायचं. वीस-बावीस वर्षांची होते, मास्तरांचं सगळंच मला तसं वाटायचं.

एनीवे. अण्णा हॉस्पिटलात होते त्याच आठवड्यात, २५ एप्रिलच्या रात्री, जपानच्या आयस्पेस कंपनीचं हाकुतो-आर नावाचं यान चंद्रावर उतरणार होतं. अण्णा झोपले होते, मी बाहेरच्या बाकड्यावर, फोनवर ते लाइव्ह लावून बसले. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून गेलेले. सगळं छान चाललं होतं, उंची कमी कमी होत गेली, आणि मग संपर्क गेला. कंट्रोल रूममधली माणसं नुसती स्क्रीनकडे बघत बसलेली, कोणी कोणाशी बोलेना. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या चांद्रयान-२ च्या वेळी पहाटेपर्यंत जागून मी हेच चेहरे बघितले होते, भाषा वेगळी, चेहरे तेच.

कारण महिन्याने बाहेर आलं, २६ मेला. अण्णांच्या फिजिओथेरपीच्या वेटिंगमध्ये मी ते वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

झालं होतं असं की यान खाली येताना अ‍ॅटलस नावाच्या विवराच्या कड्यावरून गेलं. कडा जवळजवळ तीन किलोमीटर उंच. यान कड्यावरून पुढे सरकलं तशी त्याच्या खालची जमीन एकदम तीन किलोमीटर खाली गेली, आणि उंची मोजणाऱ्या सेन्सरने ते बरोबर सांगितलं, बाबा रे, उंची एकदम वाढलीय. पण यानातल्या सॉफ्टवेअरने आपला हिशोब चालवलेलाच होता की आपण आता इतक्या इतक्या उंचीवर असणार. त्या हिशोबात आणि सेन्सरच्या आकड्यात इतका फरक पडला की सॉफ्टवेअर म्हणालं, सेन्सर बिघडला. आणि सेन्सरचं ऐकणं बंद केलं. तशी सोय मुद्दाम केलेली होती, सेन्सर खरंच बिघडला तर यान भरकटू नये म्हणून. म्हणजे सी क्लटरचा नॉबच की हा.

मग यान हळूहळू, शिस्तीत, अगदी ठरल्याप्रमाणे वेग कमी करत खाली आलं आणि त्याच्या हिशोबाने उंची शून्य झाली. खरी उंची पाच किलोमीटर होती. तिथेच ते जमिनीची वाट बघत इंजिन चालवत राहिलं, इंधन संपेपर्यंत. आणि मग पडलं.

आणि त्या अहवालात अजून एक वाक्य होतं, ते मी तिथेच आईला मोठ्याने वाचून दाखवलं. यानाचं मुख्य डिझाइन २०२१ च्या फेब्रुवारीत पक्कं झालं, त्यानंतर उतरायची जागा बदलली. नव्या जागेच्या वाटेवर काय काय आहे ते सिम्युलेशनमध्ये पुरेसं आलंच नाही.

आई म्हणाली, "म्हणजे त्यांनीपण घर बदललं होतं."

*

चंद्रावर उतरणं इतकं अवघड का असतं हे लोक विचारतात तेव्हा मी आधी सांगते की तिथे हवा नाही. हवा नाही म्हणजे पॅराशूट नाही, ते तर सगळ्यांना सुचतं, पण हवेचा दाब मोजून उंची काढायची विमानातली जुनी युक्तीपण नाही. जीपीएस नाही. खाली उभं राहून ये ये, अजून ये, बस असं सांगणारा क्लीनर नाही. चांद्रयान-३ उतरायला लागलं तेव्हा ते साधारण ३० किलोमीटर उंचीवर होतं आणि आडवं, सेकंदाला जवळपास १.७ किलोमीटर वेगाने धावत होतं. म्हणजे चर्चगेट ते दादर सहा-सात सेकंदांत. तिथून वीसेक मिनिटांच्या आत सगळा वेग मारून, आडव्याचं उभं होऊन, चार पायांवर टेकायचं.

यानाकडे दोन गोष्टी असतात. एक म्हणजे स्वतःच्या अंगाला बसणारे धक्के आणि वळणं मोजणारी पेटी, जायरो आणि अ‍ॅक्सेलरोमीटरची. ती बाहेर बघतच नाही. मघाशी इथे होतो, इतक्या जोराने ढकललं गेलो, इतका वेळ गेला, म्हणजे आता तिथे असणार, असा सगळा हिशोब.

हे मला कोणी पुस्तकातून समजावायची गरज नव्हती कारण अण्णा बेस्टमध्ये कंडक्टर होते. पावसाळ्यात डबलडेकरच्या खिडक्या बंद, काचांवर वाफ, गर्दी इतकी की बाहेरचं काही दिसायचा प्रश्नच नाही, आणि अण्णा तिकिटं फाडता फाडता मान वर न करता ओरडायचे, ऑपेरा हाउसऽऽ, आणि बस खरोखर तिथेच. विचारलं तर म्हणायचे, वळणं कळतात ना पायाला. कुठे खड्डा, कुठे ड्रायव्हर गियर पाडतो, कुठे डावीकडे झुकायला होतं. फक्त एकदा, अनंत चतुर्दशीला, पोलिसांनी बस आयत्या वेळी दुसऱ्या रस्त्याने वळवली आणि अण्णा नेहमीच्या वळणांच्या हिशोबाने स्टॉप ओरडत राहिले, निम्मी बस भलत्याच ठिकाणी उतरली. हा किस्सा ते स्वतःच सांगायचे, दरवेळी उतरलेल्या माणसांचा आकडा वाढवून.

तर ती पेटी अशी. तिची चूक बारीक असते पण साठत जाते, आणि तिला स्वतःला ती कळत नाही, कळणार कशी, ती बाहेर बघतच नाही. म्हणून दुसरी गोष्ट लागते, खाली काठी लावणारी. ती म्हणजे रडार. हल्ली सोबत लेझर आणि कॅमेरेही असतात, पण पहिल्यापासून काठी रडारचीच.

आता रडार म्हटलं की लोकांना टुक्‌ करून आवाज सोडायचा आणि परत आला की घड्याळ थांबवायचं असं वाटतं. बोटीचं रडार साधारण तसंच. पण जमिनीजवळ ते जमत नाही कारण वेळ फार थोडा असतो. ३० किलोमीटर उंचीवरून लहर खाली जाऊन परत यायला एका सेकंदाचा पाच हजारावा भाग लागतो, शंभर मीटरवर आलं की तेच एका मायक्रोसेकंदाच्याही आत. मग युक्ती काय, तर टुक्‌ करायचंच नाही, सलग सूर लावायचा, आणि तो सूर सारखा चढवत न्यायचा.

चाळीतल्या गणपतीची आरती आठवा. गॅलरीच्या या टोकाला मूर्ती, त्या टोकाला शेवटची खोली, तिथली माणसं कायम अर्धा शब्द मागे. आता समजा सगळे एकच सूर हळूहळू चढवत नेतायत. तर त्या टोकाचा आवाज इथे पोचेपर्यंत इथला सूर थोडा वर गेलेला असणार, आणि दोन सुरांतला फरक जितका जास्त तितकी गॅलरी लांब. घड्याळ लागतच नाही. पाठवलेला सूर आणि परत आलेला सूर एकमेकांत मिसळायचे, त्यासाठी मिक्सर नावाचीच सर्किट असते (स्वयंपाकघरातला नव्हे, पण काम साधारण तेच), आणि त्यातून जी फरकाची फ्रीक्वेन्सी बाहेर येते ती मोजली की उंची मिळाली.

वेगाचं वेगळं. तिथे सूर चढवायचा नाही, स्थिर ठेवायचा, आणि परत येताना तो किती बदलला ते बघायचं. डॉप्लर. कुलाब्याला आणि वेरावलीला हवामान खात्याची जी रडारं आहेत, जुलैमध्ये अर्धी मुंबई ज्याची चित्रं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवत असते, त्यातही हेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईत असं डॉप्लर रडार नव्हतं, मी त्या दिवशी माझगावहून निघून कंबरभर पाण्यात किती चालले ते सांगत बसत नाही, प्रत्येकाकडे तो किस्सा आहे.

अपोलोच्या चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या पोटाखाली जे लँडिंग रडार होतं ते सॅन डिएगोच्या रायन एरोनॉटिकल कंपनीने बनवलेलं. त्याला चार झोत. तीन वेगासाठी, १०.५१ गिगाहर्ट्झवर, आणि एक उंचीसाठी, ९.५८ वर. तीन का, तर पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली असे तीन वेग काढायचे तर तीन तिरके झोत हवेत. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा हसायलाच आलं, कारण आमच्या बोटींची रडारं ९.४ च्या आसपास. अगदी शेजारची खोली! ज्या जाडीच्या वेव्हगाइडच्या चौकोनी पितळी नळ्या मी ब्रासोने घासत बसायचे, साधारण त्याच कुळातली नळी चंद्रावर जाऊन आली, म्हणजे जाऊन तिथेच राहिली.

आणि मोजायचं किती बारीक ते बघा. साडेदहा गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला साडेदहा अब्ज हेलकावे. यान सेकंदाला एक मीटर वेगाने झोताच्या दिशेने जात असेल तर परत येणाऱ्या लहरीत फरक पडतो सत्तर हेलकाव्यांचा. साडेदहा अब्जांत सत्तर. तेही चंद्राच्या खडबडीत जमिनीवरून विखरून आलेला जेमतेम एको, शेजारी रॉकेटचं इंजिन धडधडतंय, आणि हे सगळं साठच्या दशकातल्या ट्रान्झिस्टरांवर. मला अपोलोतल्या अंतराळवीरांचं कौतुक आहेच पण खरं सांगायचं तर माझा नमस्कार त्या रडारच्या बेंचवर बसलेल्यांना.

कारण असली गोष्ट बेंचवर तपासायची कशी हाच मोठा प्रश्न असतो. खोलीत ३० किलोमीटर कुठून आणणार? मग सिग्नलला उशीर करायचा, फायबरची लांबच लांब गुंडाळी घ्यायची आणि त्यातून फिरवायचा. एक किलोमीटर फायबरमध्ये साधारण पाच मायक्रोसेकंद उशीर होतो. म्हणजे ३० किलोमीटर उंचीचा खोटा एको बनवायला ४० किलोमीटर फायबर, सीएसएमटीपासून मुंब्र्यापर्यंत, एका डब्यात गुंडाळून टेबलावर. पण त्या डब्यात कडा नसतो ना. डबा नेहमी गुळगुळीत, सपाट, शहाण्यासारखा एको देतो. कडा बघायचा तर बाहेर पडावं लागतं, आणि आपल्या इस्रोने चांद्रयानासाठी कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यात चल्लकेरेजवळ चक्क खोटे विवर खणून त्यांच्यावरून सेन्सर उडवले ते यासाठीच.

*

अण्णांचं प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं. त्या सहा आठवड्यांत मी त्यांना हे सगळं थोडं थोडं सांगत होते, आधी वेळ घालवायला, मग तेच विचारायला लागले. मग आज चंद्रावर काय?

त्यांना अपोलो ११ ची गोष्ट सगळ्यात आवडली. उतरण्याची वेळ आपल्याकडे २१ जुलै १९६९, रात्रीचे पावणेदोन. अण्णा तेव्हा चोवीस वर्षांचे, आणि चाळीत एकाच्याच घरी चांगला रेडिओ होता, त्याच्याभोवती सगळे जमले होते असं ते सांगतात. रेडिओत काय कळलं ते मात्र आठवत नाही, चहा दोनदा झाला एवढं आठवतं. त्या उतरण्यात रडारने जमीन पकडली तेव्हा कॉम्प्युटरचा हिशोब आणि रडारचा आकडा यांत साधारण २,९०० फुटांचा फरक होता. आता हा फरक मान्य करायचा की नाही हे माणसं ठरवणार होती, यानातली आणि ह्यूस्टनमधली. त्यांनी आकडा बघितला, रडार बरोबर बोलतंय असं ठरवलं आणि कॉम्प्युटरला सांगितलं, घे. आणि नेमकं त्याच गडबडीत ते प्रसिद्ध १२०२ चे अलार्म वाजायला लागले, तेही दुसऱ्याच एका रडारमुळे, वर परत जाताना लागणारं रडार चालू होतं आणि ते कॉम्प्युटरचा वेळ फुकट खात होतं. अण्णा म्हणाले, "म्हणजे एक खरं सांगतंय आणि दुसरं नुसतं दार वाजवतंय. आणि यांनी ओळखलं?" ओळखलं.

अपोलो १४ ला, १९७१ च्या फेब्रुवारीत, उलटंच. रडार जमीन पकडेचना. नियम असा की १०,००० फुटांपर्यंत रडारचा आकडा आला नाही तर उतरणं रद्द, परत फिरा. खालून सांगितलं, रडारचा ब्रेकर ओढा आणि परत दाबा. दाबला, आणि रडार चालू झालं. यावर अण्णा इतके हसले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. आमच्या घरात टीव्ही, फ्रीज, मिक्सर, नंतर माझा कॉम्प्युटर, सगळ्याला अण्णांचा एकच इलाज, बंद करून चालू कर. मी डिप्लोमा करत होते तेव्हा मला याचा फार राग यायचा.

पण बंद करून चालू करणंही कधी कधी पुरत नाही, आणि प्रत्येक वेळी काठीचं ऐकलं नाही म्हणूनच पडतात असंही नाही, हे मी त्यांना सांगितलं कारण ते स्वतःला फार दोष द्यायला लागले होते. २०१६ मध्ये युरोपचं शियापरेली मंगळावर उतरताना त्याचं रडार व्यवस्थित होतं. यान पॅराशूटखाली जोरात हेलकावलं, वळणं मोजणाऱ्या पेटीचा काटा सेकंदभर टोकाला अडकला, आणि त्यामुळे यानाला आपण कुठल्या दिशेला तिरके आहोत हेच चुकीचं वाटायला लागलं. रडारने सांगितलेलं अंतर खरं, पण ते कुठल्या दिशेचं अंतर हे चुकलं. हिशोब करून उंची निघाली शून्याच्याही खाली. यानाला वाटलं आपण पोचलो, जमिनीच्या आतच आहोत म्हणे. पॅराशूट सोडून दिलं, इंजिन तीन सेकंद चालवून बंद केलं, आणि साधारण ३.७ किलोमीटरवरून दगडासारखं खाली. काठी हातात, काठी बरोबर, हातच वाकडा. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, चहा कर.

*

२३ ऑगस्टला चांद्रयान-३ उतरणार होतं म्हणून मी हाफ डे टाकला. बुधवार होता. ऑफिसातून निघताना ट्रेनमध्ये जो तो फोनवर तेच लावून, एका फोनभोवती चार चार माणसं, बाजूच्या जेंट्स डब्यातून कोणीतरी ओरडून उंची सांगत होतं, पण ते कुठल्यातरी जुन्या सरावाचा व्हिडिओ बघत होतं असं मागून कळलं.

घरी पोचले तर अण्णा टीव्हीसमोर खुर्ची अगदी जवळ ओढून, त्या नळीएवढ्या दिसण्यात स्क्रीनवरचा आकडा मावावा म्हणून. तरी दिसत नव्हता. मग मी वाचायला लागले. उंची इतकी, आडवा वेग इतका, खालचा वेग इतका. आधीचा अकराएक मिनिटांचा मोठा ब्रेक, साडेसात किलोमीटरपर्यंत, तो सगळा मुख्यतः हिशोबावर. त्यानंतर दहा सेकंद यान नुसतं आपला कल धरून राहतं आणि सेन्सर खाली बघून आपापले आकडे जुळवून घेतात. ही दहा सेकंदं मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटत होती आणि टीव्हीवर नेमकं तेव्हा कोणीतरी अभिमानाबद्दल बोलत होतं, मी आवाज बंद केला. अहमदाबादच्या स्पेस अ‍ॅप्लिकेशन्स सेंटरने बनवलेला का-बँडचा रडार अल्टिमीटर (रडारने उंची मोजणारं यंत्र) त्यात होता, लहर जेमतेम सेंटिमीटरभराची. सोबत लेझरचा एक, आणि वेग थेट मोजणारा लेझर डॉप्लर, तो या वेळी नव्याने घातलेला. आणि जागापण मोठी घेतली होती. चांद्रयान-२ ला ५०० मीटर बाय ५०० मीटरचा चौकोन गाठायचा होता, या वेळी सुमारे चार किलोमीटर बाय अडीच. मुंबईच्या माणसाला एवढ्या मोकळ्या जागेचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

"आता किती?" अण्णा दर अर्ध्या मिनिटाला.

आठशे मीटर. मग दीडशे. दीडशेला यान थांबलं, खाली दगड-खड्डे बघायला. आईने हात जोडले होते आणि गॅसवर काहीतरी ठेवलेलं विसरली होती, वास येत होता. सहा वाजून चार मिनिटं. टेकलं.

खाली पोरांनी फटाके लावले, कुठल्या दिवाळीचे उरलेले कोण जाणे. अण्णा म्हणाले, चल, खाली जाऊ. मी म्हटलं लिफ्ट चालू आहे आता. म्हणाले, नको, जिन्याने.

एप्रिलनंतर ते त्या जिन्यावर पाऊल टाकत नव्हते. मी पुढे झाले, तर म्हणाले पुढे नको, बाजूला रहा. आणि उतरायला लागले, डावा हात कठड्यावर, उजव्यात काठी, मनगट अजून थोडं वाकडंच. तोंडाने मोजत होते, हळू, पण मला ऐकू येत होतं. मला वाटलं होतं आता बारा मोजायला शिकले असतील.

आठ. नऊ. दहा. अकरा.

थांबले. काठी पुढे टेकवली, ती खाली गेली. परत उचलून परत टेकवली, दोनदा. गजाला लावून बघितली, टण्ण वाजली. मग पुन्हा समोर.

"आहे गं," म्हणाले, "अजून एक."

आणि उतरले, आणि पुढच्या वळणावर परत एकपासून सुरू केलं.